डीप फ्रीझरमधल्या बाटल्या

एखादी गोष्ट मला बरोबर वाटली की ती समोरच्याच्या गळी उतरवल्याशिवाय मी सोडत नाही. हा माझा जुना दुर्गुण. आई म्हणायची, "हिला वकील करायला हवी होती, नर्स कशाला केली कोण जाणे!" मुळशीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी अठ्ठ्याण्णवपासून बारा वर्षं सिस्टर म्हणून काढली. त्या बारा वर्षांत मी जे सगळ्यात हिरिरीनं केलं, तेच सगळ्यात वाईट केलं. ते कसं, ते सांगते. लपवून ठेवायचं वय आता राहिलं नाही.

दवाखाना पौडच्या पुढं, ताम्हिणीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून होता. वीस खाटा, एक ओपीडी, बाळंतपणाची खोली आणि टाके घालायला एक छोटी खोली. सगळा कारभार एका डॉक्टर मॅडमवर. आम्ही पाच-सहा सिस्टर, दोन वॉर्डबॉय आणि एक मावशी. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या, घाण उचलणाऱ्या, बाळंतिणीचं सगळं करणाऱ्या बाईला मावशीच म्हणतात, तशा या आमच्या मावशी. वय चाळिशीच्या आसपास, घर डोंगरउतारावरच्या धनगरवाडीत. नवरा शेळ्या-मेंढ्या बघायचा आणि मावशी आमच्याकडं. रोज पाऊण तास चालत यायच्या आणि सगळ्यांच्या आधी पोचायच्या. तोंडानं फटकळ. मीही तशीच, त्यामुळं आमचं जमायचंही आणि वाजायचंही.

दोन हजार साल असेल. ट्रस्टच्या बैठकीत ठरलं की स्टाफला बी प्रकारच्या काविळीची लस द्यायची. ही कावीळ रक्तातून पसरते. पेशंटला टोचलेली सुई चुकून आपल्याला लागली तर आपल्यालाही होते, आणि एखाद्याचं यकृत कायमचं घेऊन बसते. लस तीन वेळा घ्यायची, आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. बैठकीत यादी वाचली गेली. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय. यादी संपली.

मी विचारलं, "आणि मावशी?"

ट्रस्टचे एक गृहस्थ म्हणाले, "अहो, त्या कुठं इंजेक्शन देतात?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, "नाही देत. आम्ही दिलेल्या सुया उचलतात. आम्ही एका वेळी एक हातात धरतो, त्या रोज डबाभर उचलतात. रक्ताची चादर कोण धुतं? बाळंतिणीची वार कोण पुरतं? लस एकालाच मिळणार असेल तर माझं नाव खोडा आणि त्यांचं लिहा." मॅडमनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला, पण मी काय थांबते! तीन बैठका मी तेच तुणतुणं वाजवलं. शेवटी ते गृहस्थ वैतागून म्हणाले, "लिहा हो त्यांचंही, नाहीतर ही बाई चहासुद्धा पिऊ द्यायची नाही."

यादीत नाव चढलं, पण मावशी कुठं तयार होत्या! लस द्यायच्या दिवशी धुण्याच्या दगडामागं जाऊन बसल्या. मी शोधून काढलं.

"मला कायबी झाल्यालं न्हाई. सुई कशापाई?"

"पावसाळ्याआधी मेंढरांना टोचून घेता ना? त्यांना काय झालेलं असतं?"

"मेंढरांची गोष्ट येगळी. ती बोलत न्हाईत."

"तुम्ही बोलता तेच जास्त होतंय. दंड काढा."

हसल्या आणि पदर सरकवला. सहा महिन्यांत तिन्ही सुया मी त्यांना माझ्या हातानं दिल्या. तिसऱ्या सुईनंतर त्यांना म्हटलं, "झालं मावशी. आता ही कावीळ तुमच्या वाटेला जात नाही, माझा शब्द." हे वाक्य मी म्हटलेलं मला जसंच्या तसं आठवतं. त्यांनाही आठवत होतं.

आता त्या बाटल्या कुठं ठेवल्या होत्या, ते सांगायला हवं.

पोलिओच्या मोहिमेत आसपासच्या गावांचा साठा आमच्याकडं असायचा आणि तो डीप फ्रीझर माझ्या ताब्यात. पोलिओचे डोस गोठवूनच ठेवायचे असतात, जितकं थंड तितकं चांगलं. ताम्हिणीकडचा पाऊस लागला की आमच्याकडची वीज दोन-दोन दिवस तोंड दाखवत नसे. साधा फ्रीज कोमट व्हायचा, पण डीप फ्रीझर मी बर्फाच्या पिशव्यांनी असा ठासून भरायची की आतलं काही बिघडायचं नाही. तालुक्याच्या साहेबांनी चार लोकांत माझं कौतुक केलं होतं. ते माझ्या डोक्यात गेलं होतं, दुसरं काय!

तर ही काविळीची लस, नवी, महागाची आणि मी भांडून मिळवलेली. धनुर्वाताची आणि लहान मुलांची तिहेरी लस गोठवायची नसते, ते मला पाठ होतं. पण या लसीबद्दल मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नाही. साध्या फ्रीजमध्ये ठेवायला जीव धजेना. म्हणून मी त्या बाटल्या पोलिओच्या शेजारी, अगदी मानाच्या जागी, डीप फ्रीझरमध्ये ठेवल्या. खोक्यात एक घडी घातलेला कागद होता, त्यावर मुंगीएवढी अक्षरं. तो मी न उघडता ड्रॉवरमध्ये टाकला. लस द्यायच्या दिवशी बाटली तळहातात धरून वितळवायची. तळाशी पांढरा साका दिसायचा, तो जोरजोरात हलवून एकजीव करायचा, आणि ओळीनं सगळ्यांना टोचायचं. माझ्यासुद्धा दंडात तीच लस गेली, दुसऱ्या सिस्टरच्या हातून.

पुढं चार-पाच वर्षं कुणाला काही झालं नाही. माझा तोरा तसाच राहिला.

मग एका रविवारी दुपारी एका मोटरसायकलवाल्याला उचलून आणलं. घाटातून उतरताना गाडी घसरली होती, पोटरी चांगली फाटली होती. मारुंजीला भाड्यानं राहणारा, हिंजवडीच्या कंपनीतला पोरगा, मूळचा अमरावतीकडचा. मी कापूस घेऊन पुढं झाले तर म्हणाला, "सिस्टर, थांबा जरा. आधी ग्लोव्हज घाला. मला बी पॉझिटिव्ह कावीळ आहे. कंपनीच्या चेकअपमध्ये निघाली."

इतक्या सरळपणे सांगणारा पेशंट मी तोवर पाहिला नव्हता. लोक लपवतात, त्यांची सोयरीक मोडते, नोकरी जाते. मला त्याचं फार बरं वाटलं. मी दोन-दोन हातमोजे चढवले, मावशींनाही घालायला लावले. मॅडमनी टाके घातले. सगळं नीट झालं, आणि शेवटी नेमकं नको ते झालं. टाक्याची वाकडी सुई ट्रेमध्ये कापसाच्या बोळ्याखाली राहिली. ट्रे माझा होता, मी बघायला हवं होतं. मावशींनी बोळे गोळा करायला हात घातला आणि "आई गं" म्हणून मागं घेतला. दोन हातमोज्यांतून सुई अंगठ्यात गेली होती.

मी त्यांचा हात नळाखाली धरला आणि साबणानं धूत राहिले. एकदा, दोनदा, तीनदा. मावशी मात्र हसत होत्या.

"एवढं काय घाबरताय वो सिस्टर? तुमी दिल्यात की तीन सुया. तुमचा सबुद हाय मला."

मॅडमही फार घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "तीन डोस झालेत ना? मग चिंता नाही. तरी लसीनं रक्तात किती ताकद तयार झालीय ते एकदा मोजून घेऊ." रक्त त्याच संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला पाठवलं. सोमवारी अकराच्या सुमाराला फोन आला. मॅडमनी ऐकला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. शून्य लिहिलं होतं.

"एखाद्याच्या अंगाला लागत नाही लस," मॅडम म्हणाल्या. "आता वेळ घालवू नकोस. तयार प्रतिकारशक्तीचं एक इंजेक्शन मिळतं, ते आजच्या आज द्यायला हवं. आणि लस पुन्हा पहिल्यापासून. पुण्याला जा आणि दोन्ही घेऊन ये."

पुण्यातल्या एका मोठ्या औषधांच्या दुकानात दोन्ही मिळालं. मी थर्मास काढून दिला, बर्फानं गच्च भरलेला. काउंटरवरचे म्हातारे गृहस्थ बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायला लागले, एक घडी, दुसरी घडी, तिसरी घडी. मी म्हटलं, "अहो, इतकं कशाला गुंडाळताय? थंडावा लागेल कसा?"

ते म्हणाले, "थंडावा लागू दे, बर्फ नको लागायला. ही लस गोठली की संपली हो बाई. मग ते नुसतं पाणी टोचल्यासारखं."

मी म्हटलं, "गोठली तर? वितळवली की चालते ना?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही सिस्टर आहात ना?"

मी पैसे मोजून दिले. थर्मास मांडीवर घेऊन एसटीत बसले आणि खोक्यातला कागद उघडला. मुंगीएवढी अक्षरं होती, पण वाचता येत होती. गोठवू नये. गोठल्यास वापरू नये. साकाही त्यात लिहिला होता, तोच, जो मी जोर लावून एकजीव करत होते. पौड येईपर्यंत मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिले. एका मावशींचा प्रश्न नव्हता हा. दवाखान्यात मी ज्याच्या ज्याच्या दंडाला सुई लावली होती, ते सगळे पाच वर्षं माझ्या शब्दावर उघडे फिरत होते.

मॅडमना मी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "हे बघ, मावशींना आज इंजेक्शन दे. बाकीच्यांना पुढच्या आठवड्यात बूस्टर आहे म्हणून सांगू आणि पहिल्यापासून तीन डोस देऊन टाकू. काम तेच होईल. कुणाला कळायचं कारण नाही. तुझी नोकरी आहे, दवाखान्याचं नाव आहे."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. मला वाचवायलाच बघत होत्या. आणि खरं सांगते, मला तो रस्ता क्षणभर फार गोड वाटला. बूस्टर! किती छान शब्द. मग वाटलं, ज्या बाईला मी दगडामागून ओढून आणलं, तिला मी आता दुसऱ्यांदा फसवणार? पहिल्यांदा निदान मला माहीत नव्हतं. म्हटलं, "नाही मॅडम. सांगणार मी. काढायचं तर काढा मला."

मावशी चादरींच्या खोलीत घड्या घालत होत्या. मी दारातच उभी राहिले, कारण आत गेले असते तर मी रडले असते आणि मग सगळं माझ्याभोवतीच फिरलं असतं. सरळ सांगितलं. "मावशी, मी तुम्हाला दिलेल्या तिन्ही सुया वाया गेल्या. लस मी बर्फात गोठवली होती, ती मेलेली होती. चूक माझी. काल जी सुई लागली, तिच्यापासून तुम्हाला कसलंच संरक्षण नव्हतं. आज एक वेगळं इंजेक्शन आणलंय, ते घ्यायचं, आणि लस पुन्हा घ्यायची. बहुतेक काही होणार नाही. पण शेवटची तपासणी होईपर्यंत नक्की सांगता येणार नाही."

मावशींनी हातातली घडी पूर्ण केली. ती चादर गठ्ठ्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "मेंढरांच्या डाक्टरला आमी दर खेपेला इचारतो, लस कवाची हाय, कुटं ठिवली व्हती. तुमाला म्या इचारलं न्हाई."

एवढंच. ना शिवी, ना आरडाओरडा. मला बऱ्याच लोकांनी आयुष्यात तोडून बोललंय, पण इतकं लागलेलं दुसरं काही नाही. त्यांनी इंजेक्शन घेतलं, लस घेतली, दंडावर कापूस दाबला आणि गेल्या. त्या दिवसापासून कामापलीकडं माझ्याशी बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या स्टाफला ओपीडीत बोलावलं. आदल्या रात्री नव्या लसीतली एक बाटली मी मुद्दाम गोठवून सकाळी वितळवली होती. ती आणि एक न गोठलेली, दोन्ही सगळ्यांसमोर हलवून टेबलावर ठेवल्या. चांगली बाटली दुधट राहिली. गोठलेलीत कण धरले आणि बघता बघता खाली बसायला लागले. मी म्हटलं, "ही खाली बसलेली, ती तुमच्या दंडात गेलीय. मी दिलीय." खोलीत गोंधळ उडाला. एक वॉर्डबॉय चारचौघांत म्हणाला, "आणि वर आम्हाला शिकवत होत्या, हात धुतल्यावर कोपरानं नळ कसा बंद करायचा!" मी ऐकून घेतलं. बरोबरच होतं त्याचं. सगळ्यांची रक्तं तपासली. कुणाच्याच रक्तात ताकद नव्हती, माझ्याही. एवढी एक गोष्ट देवानं वाचवली की आजार कुणालाच निघाला नाही.

ट्रस्टनं मला काढलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. लेखी ताकीद दिली, ती माझ्याजवळ अजून आहे. आणि मग मी जिद्दीला पेटले. फ्रीजचा मधला कप्पा लसीचा, त्यात थर्मामीटर, सकाळ-संध्याकाळ माझी नोंद. वीज गेली की थंड पेटीत हलवायच्या, पण बर्फ आणि बाटली यांच्यात पुठ्ठा. फ्रीजच्या दारावर मी लाल अक्षरात लिहिलं, "ही लस गोठवली तर ती मेली." एक वॉर्डबॉय म्हणाला, आता मला नको तुमची सुई. मी त्याच्या घरी महाळुंग्याला दोनदा गेले, त्याच्या बायकोसमोर चूक कबूल केली, तिसऱ्यांदा तो स्वतः आला. पहिली सुई, महिन्यानं दुसरी. एकही माणूस मी सुटू दिला नाही. रात्री झोप लागायची नाही तो भाग वेगळा.

मावशी सुया वेळेवर घ्यायच्या, पण मॅडमच्या हातून. मी जवळ गेले की दंड झाकायच्या.

त्यातच त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, पहिलटकरीण. आमच्याच दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली. गोरीपान, डोकं भरून जावळ. मी बाळ पुसलं, गुंडाळलं आणि आजीकडं द्यायला वळले. मावशींनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"धरा की मावशी. नात तुमची."

"न्हाई. माझ्या अंगात काय हाय आन् काय न्हाई, कुनाला ठावं. कागुद यिऊ द्या."

मी समजावलं. म्हटलं, ही कावीळ धरल्यानं होत नाही, मांडीवर घेतल्यानं होत नाही, मुका घेतल्यानंही होत नाही. ती रक्तातून जाते. खुशाल घ्या. मॅडमनीही सांगितलं. मावशींनी माझ्याकडं शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचं यकदा ऐकलं."

माझ्या शब्दाला किंमतच उरली नव्हती, आणि ती मीच घालवली होती. त्यांच्या मुलीनं मला नंतर सांगितलं की घरीही तेच. बारशाला सगळ्या बायका पाळण्याभोवती जमल्या आणि आजी शेळ्यांच्या वाड्याशी उभी राहून बघत होती. बाळ रडलं तर पायानं पाळण्याची दोरी ओढायची, हात लावायची नाही. आपलं ताट वेगळं, पांघरूण वेगळं. दिवसेंदिवस पोर वाढत होतं आणि आजी चार हात लांबून त्याच्याशी बोलत होती. मुलगी सासरी जायची ती आईसाठी थांबली होती. हे ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन फ्रीजचं तापमान लिहायला गेले.

तीन महिन्यांची तपासणी चांगली आली. मी धावत जाऊन सांगितलं. मावशी म्हणाल्या, "शेवटची कवा?" सहाव्या महिन्यात सगळ्यांची तिसरी सुई झाली. त्यानंतर महिनाभर थांबून शेवटचं रक्त काढलं, मावशींचं दोन्हीसाठी. आजार आहे का, आणि ताकद आलीय का. बाकी आम्हा सगळ्यांचं ताकदीसाठी.

रिपोर्ट आले त्या दिवशी मावशींची सुट्टी होती. मॅडमनी पाकीट उघडलं, एक एक कागद बाजूला ठेवला आणि मावशींचा माझ्या हातात दिला. आजार नाही. ताकद भरपूर. मग मॅडमनी शेवटचा कागद पुढं केला, तो माझा होता. तो मी वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हटलं, "मॅडम, मी वाडीवर जाऊन येते. मावशींच्या कागदावर तुम्ही सही करा, शिक्का मारा. नुसत्या माझ्या शब्दावर त्या विश्वास ठेवायच्या नाहीत."

वाडी चढून जाईपर्यंत माझा दम गेला. दुपारचे चार वाजले असतील. मावशी अंगणात काटक्या मोडत होत्या, बाळ वाकळेवर पालथं पडून मान उचलून बघत होतं. मी कागद पुढं केला. मावशींनी तो मुलीकडं दिला. सातवी शिकलेली ती मुलगी एक एक अक्षर लावत वाचायला लागली. मी ओठ चावत उभी राहिले.

"आये, कायबी न्हाई. चांगलं हाय. शिक्का हाय मॅडमचा."

"नीट बघितलंस?"

"व्हय गं. अंगात ताकद बी आलीया म्हनं, लई आलीया."

मावशी उठल्या. रांजणाकडं जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, राख लावून. पदराला पुसले. मग वाकून नातीला उचललं आणि छातीशी असं धरलं की ते पोर घाबरून रडायलाच लागलं. बाळाच्या जावळात तोंड घालून तशाच उभ्या राहिल्या. त्यांची पाठ हलत होती. त्यांची मुलगी आत निघून गेली आणि मीही तोंड फिरवलं, शेळ्यांकडं बघत राहिले.

मग मागून आवाज आला. "सिस्टर."

सात महिन्यांनी त्यांनी मला हाक मारली होती.

"तुमचं काय निगालं?"

मी म्हटलं, "सगळ्यांना लागली लस. सगळे सुरक्षित आहेत."

"सगळ्यांचं इचारलं न्हाई. तुमी बी त्याच बाटलीतलं घेतलं व्हतं न्हवं? पुन्यांदा बी घेतलं. तुमचं काय?"

त्या सात महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मॅडमनीही नाही, घरच्यांनीही नाही. मी स्वतःसुद्धा नाही. मी खिशावर हात ठेवला आणि थाप मारायला तोंड उघडलं, पण मावशींसमोर ती जमेना. म्हटलं, "आजार नाही मला. पण ताकदही आली नाही. लस चांगली होती, नीट ठेवलेली होती. पण काही जणांच्या अंगाला ती लागतच नाही. मी त्यातली निघाले. अजून एकदा तीन सुया घेऊन बघायच्या. नाहीच लागली तर सांभाळून काम करायचं, दुसरं काय!"

मावशी ऐकत होत्या. बाळ रडायचं थांबून त्यांच्या गळ्यातला काळा मणी ओढत होतं.

"मंग उद्यापास्नं सुयांचा डबा मी उचलनार," त्या म्हणाल्या. "रगताचा पेशंट आला, टाक्याचा आला, कसला बी आला, टरे म्या आवरनार. तुमी न्हाई हात लावायचा."

"अहो मावशी, असं नसतं. ज्यानं सुई वापरली त्यानंच ती..."

"गप बसा," मावशी म्हणाल्या. "लई सांगितलंसा मला. माझ्या अंगात हाय, तुमच्या अंगात न्हाई. आता म्या सांगनार आन् तुमी ऐकनार."